दोन ऑस्करविजेते, नामवंत दिग्दर्शक आणि फसलेला वेस्टर्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही काही चित्रपटवेडी मंडळी अधूनमधून एकत्र जमून जुने चित्रपट पाहतो. गेल्या खेपेस ‘द मिसूरी ब्रेक्स’ हा १९७६ सालचा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातल्या घोडेस्वार-बंदुकधाऱ्यांचा चित्रपट, लावला होता. मार्लन ब्रँडो, जॅक निकल्सन आणि दिग्दर्शक आर्थर पेन ही नावे वाचून मोठ्या अपेक्षेने बसलो. पण चित्रपट विस्कळीत वाटला आणि ब्रँडोचे चाळे तर असह्य झाले. दोष नेमका कोणाचा? हा चित्रपट आमच्या गावच्या वाचनालयात सर्वांसाठी दाखवावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमची अपेक्षा अवाजवी नव्हती. ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) आणि ‘लिटल बिग मॅन’ (१९७०) पेनच्या नावावर जमा होते, आणि निकल्सनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळून जेमतेम दोन महिने झाले असताना हा चित्रपट प्रदर्शित झाला. ‘द गॉडफादर’साठी मिळालेले ऑस्कर नाकारणारा ब्रँडो तर तेव्हा दंतकथाच झाला होता.

कथेचा पायाही भक्कम आहे. मोंटानातला एक जमीनदार घोडेचोराला फासावर लटकवतो, चोरांची टोळी सूड म्हणून त्याच्या मुकादमाला लटकवते, आणि मग जमीनदार क्लेटन नावाचा भाडोत्री मारेकरी बोलावतो. हा क्लेटन म्हणजे ब्रँडो. त्याच्या बोलण्याला मध्येच आयरिश हेल येतो. दातदुखीवर उपाय म्हणून तो मुकादमाच्या शवपेटीतला बर्फ उचलतो, आणि एका खुनाच्या वेळी तर बायकी झगा व टोपी घालून अवतरतो. यातले काही प्रसंग मला आवडतात, हे येथे सांगून टाकतो. तरीही आपल्याकडे जत्रेच्या नाटकात तालमीला न आलेला पाहुणा नट पदरची वाक्ये घालून टाळ्या घेऊ लागला, की समोरच्या गावकरी नटाची जी पंचाईत होते, तीच येथे निकल्सनची झाली आहे.

मुख्य दोष मात्र मी दिग्दर्शकाच्या पदरात टाकीन. निकल्सनचा टॉम लोगन हा थकलेला, शेतीत रमू लागलेला, जमीनदाराच्या मुलीच्या प्रेमात पडलेला चोर आहे, आणि निकल्सनने तो विलक्षण संयमाने उभा केला आहे. कॅथलीन लॉइडबरोबरचे त्याचे प्रसंग हा चित्रपटाचा सर्वांत जिवंत भाग होय; परंतु ते वास्तववादी चित्रपटातले प्रसंग आहेत, आणि ब्रँडो वेगळ्याच, विक्षिप्त प्रहसनात वावरतो. कोणत्या बाजूला झुकायचे हे पेनने शेवटपर्यंत ठरवलेले दिसत नाही. दोघे समोरासमोर येण्याचे प्रसंगही मोजकेच आहेत. न्हाणीच्या टबात फेसात बसलेल्या क्लेटनवर लोगन पिस्तूल रोखतो आणि त्याला गोळी झाडवत नाही, तो प्रसंग अप्रतिम आहे, पण त्यातून निर्माण झालेला ताण पुढे वापरलाच जात नाही. टोळीतली माणसे एकेक करून मरत राहतात, जमीनदाराने कामावरून काढल्यावरही क्लेटन मारत राहतो, आणि मधला भाग सैल पडतो. अखेरीस झोपेतच त्याचा गळा चिरला जातो. समोरासमोरच्या झुंजीचा वेस्टर्नमधला संकेत मोडण्याची ही कल्पना धाडसी खरीच. मात्र लोगन आणि क्लेटन यांच्यातले वैर आधी पुरेसे पेटलेलेच नसल्यामुळे तिचा घाव वरवरचा राहतो.

जॉन विल्यम्सचे संगीत आणि हॅरी डीन स्टँटनसारखे सहकलाकार यांना यात बोल लावण्याचे कारण नाही.

वाचनालयात दाखवायचा असेल तर आधीच्या खेपेस ‘लिटल बिग मॅन’ दाखवा. तेथे पेनने विनोद आणि क्रौर्य एकाच सुरात बांधले आहे, त्यामुळे येथे काय निसटले ते प्रेक्षकांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मुलांना मात्र बोलावू नका. हत्या बऱ्याच आहेत आणि काही निष्ठुरपणे चित्रित केलेल्या आहेत.