बहिष्कार कोणी कोणावर टाकला?

प्रश्न असा आला आहे: ‘१९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इस्रायल आणि तैवान यांच्यावर बहिष्कार टाकण्यात आला’ असं एका लेखात वाचलं. दुसऱ्या लेखात त्याच घटनेला ‘बंदी’ म्हटलंय, तिसऱ्यात ‘माघार’. बरोबर काय?

तिन्ही नाही. पण गंमत अशी की, शब्दाचा मूळ अर्थ धरला तर त्यातल्या त्यात ‘बहिष्कार’च जवळचा ठरतो.

बहिस् म्हणजे बाहेर. बहिष्कार म्हणजे बाहेर करणं. समाजाने एखाद्याला वाळीत टाकायचं, पाणी-विस्तव बंद करायचा, हा त्याचा जुना अर्थ. बाबासाहेबांच्या १९२४च्या ‘बहिष्कृत हितकारिणी सभे’च्या नावात तो आहे, महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यातही आहे. वंगभंगाच्या चळवळीत मात्र या शब्दाने तोंड फिरवलं. विलायती मालावर बहिष्कार टाकणारा माणूस कोणाला घालवत नव्हता, तो स्वतः दुकानाची पायरी चढत नव्हता. इंग्रजी ‘बॉयकॉट’चंही असंच झालं. १८८० साली आयर्लंडमध्ये एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉटला आसपासच्या लोकांनी वाळीत टाकलं, त्यावरून तो शब्द आला. आज खेळाडू स्पर्धेला गेले नाहीत तरी तोच शब्द.

क्रीडापानावर आता हा दुसरा अर्थच चालतो. १९८६ साली उत्तर कोरियाने सोलच्या आशियाई स्पर्धेवर बहिष्कार टाकला, म्हणजे दार उघडं असून ते गेले नाहीत. त्यामुळे ‘बहिष्कार’ म्हटलं की वाचक न जाणाऱ्याचा निर्णय शोधतो. जकार्तात इस्रायल आणि तैवानला यायचं होतं. अरब देश आणि चीन यांच्याशी सख्य ठेवू पाहणाऱ्या सुकार्नो सरकारने त्यांना व्हिसा दिला नाही. याला ‘बंदी’ही म्हणवत नाही, कारण खेळातली बंदी स्पर्धा चालवणारी संघटना घालते. इथे संघटनेचे सदस्य असलेल्या देशांना यजमान सरकारने सीमेवरच अडवलं. म्हणून ‘प्रवेश नाकारला’. साधे शब्द आहेत, पण कोणी काय केलं ते नेमकं सांगतात.

हा फरक किती जड होता ते तेव्हाच दिसलं. आशियाई स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक, भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला: सदस्यांनाच बाहेर ठेवलं तर या स्पर्धेला ‘आशियाई’ कसं म्हणायचं? म्हणजे तोही एका शब्दाचाच वाद होता. ३ सप्टेंबरला जमावाने जकार्तातल्या भारतीय वकिलातीवर हल्ला केला आणि सोंधींना शहर सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. स्टेडियम गच्च भरलेलं, बहुतेक सगळं भारताच्या विरोधात ओरडणारं. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेलसिंग आघाडीला खेळला आणि त्याने गोल केला. भारताने दक्षिण कोरियाला २-१ने हरवलं. हा निकाल वाचताना मला अजूनही भरून येतं.

पुढच्या दोन वर्षांत बाकीचे शब्द ओळीने येतात. फेब्रुवारी १९६३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केलं. निलंबित कर्मचारी जसा अजून नोकरीतच असतो, तसंच हे: सदस्यत्व राहतं, हक्क थांबतात. सुकार्नोंनी त्याच वर्षी नोव्हेंबरात जकार्तात ‘गानेफो’ हे स्वतःचे खेळ भरवले. त्यात उतरलेल्या धावपटूंवर आणि जलतरणपटूंवर त्या-त्या आंतरराष्ट्रीय महासंघांनी टोकियो ऑलिंपिकसाठी बंदी घातली. उत्तर कोरियाची नामांकित धावपटू शिन गुम-दान त्यांतलीच. तेव्हा उत्तर कोरिया आणि इंडोनेशिया यांनी टोकियोत पोचलेली आपली पथकं परत नेली. ही खरी माघार: आधी गेले, मग माघारी फिरले. मराठीत ‘माघार’ला हार खाल्ल्याचा वास येतो खरा, पण खेळात तो धरू नये. १९७०ची स्पर्धा सोलला व्हायची होती. दक्षिण कोरियाने यजमानपदातून माघार घेतली आणि ती बँकॉकला झाली. त्यात निषेध नव्हता की पराभवही नव्हता.

आणखी एक शब्द मला फार आवडतो: ‘पुढे चाल’. १९७४ला तेहरानमध्ये इस्रायल स्पर्धेत होता, पण उत्तर कोरिया आणि कुवेत फुटबॉलमध्ये त्याच्याविरुद्ध मैदानात उतरले नाहीत. हा स्पर्धेवर बहिष्कार नव्हे, ते देश स्पर्धेत खेळतच होते. त्यांनी सामना नाकारला आणि इस्रायलला पुढे चाल मिळाली. असा तो अंतिम फेरीत पोचला आणि इराणकडून १-०ने हरला. पुढे आशियाई स्पर्धेत इस्रायल दिसलाच नाही. १९८२ला दिल्लीत स्थापन झालेल्या आशियाई ऑलिंपिक परिषदेत त्याला घेतलं नाही आणि अखेर त्याचं फुटबॉल युरोपात गेलं. याला ‘वगळणं’ म्हणावं.

‘बहिष्कृत’ हे विशेषण मात्र जपून वापरा. क्रियापदाची दिशा फिरली तरी माणसाला किंवा देशाला लावलेलं हे विशेषण जुन्याच अर्थाला चिकटून आहे. ‘बहिष्कृत देश’ म्हणजे ज्याला बाहेर टाकलं तो; ज्याने बहिष्कार टाकला तो कधीच नाही. सोलच्या संदर्भात उत्तर कोरियाला ‘बहिष्कृत’ लिहिलं की अर्थाचा अनर्थ होतो.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘१९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेसाठी इंडोनेशिया सरकारने इस्रायल आणि तैवानच्या पथकांना प्रवेश नाकारला.’ ‘टाकण्यात आला’ या कर्मणी रचनेत कर्ता गायब झाला होता, तोही यात परत येतो.