सणाचा कोंबडा, नाताळचं बदक : वाचकांचे प्रश्न

नाताळ आणि त्यापाठोपाठ संक्रांतीची कर. या दिवसांच्या तोंडावर आलेली बहुतेक पत्रं वेगवेगळी दिसली तरी अडचण एकच सांगतात : पक्षी बदलला, पण शिजवायची रीत बॉयलरचीच राहिली.

करीच्या सणासाठी बाजारातून जवारी, म्हणजे गावठी कोंबडा आणतो. कुकरच्या सहा-सात शिट्ट्या घेऊनही मांस दोरीसारखं राहतं. गेल्या वर्षी कच्ची पपई लावली, तर वरून पीठ आणि आत तसंच चिवट. चुकतं कुठं?
— वाचक, निपाणी

आधी कोंबड्याचं वय बघा. छातीच्या हाडाचं पोटाकडचं टोक बोटानं दाबा. ते कुर्चेसारखं वाकलं तर पक्षी कोवळा, अजिबात हललं नाही तर जून. पायाच्या मागचं टोकदार नख लांब आणि टणक असेल, पायावरचे खवले खरबरीत असतील, तर तो वर्ष उलटलेला नर समजा. 'जवारी' म्हणून विकलं जाणारं सगळंच जवारी नसतं. रंगीत पिसांचे गिरिराज आणि स्वर्णधारा हे बेंगळुरूत विकसित केलेले वाण आहेत. ते लवकर वजन धरतात आणि जवारीपेक्षा कमी वेळात शिजतात. अंडी देऊन थकलेल्या लेअर कोंबड्याही याच नावानं खपतात, त्या मात्र चांगल्याच निबर असतात. आधी हे ओळखलं नाही तर शिट्ट्यांचा हिशेब जमत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. कापल्यावर थोड्या वेळानं स्नायू आखडतात आणि काही तास तसेच राहतात. सकाळी नऊला कापलेला कोंबडा अकराला कुकरमध्ये गेला, तर तो नेमका आखडलेल्या अवस्थेत शिजतो. आदल्या संध्याकाळी कापून आणा, तुकडे करा, हळद-मीठ लावा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आधी लावलं की मांस निबर होतं असं पुष्कळ जण सांगतात, पण होतं उलटं. मीठ आत मुरतं आणि शिजताना रस धरून ठेवतं. साफ केलेल्या किलोभर मांसाला दोन चहाचे चमचे बारीक मीठ पुरतं. रश्शाचं मीठ नंतर चव बघून घाला.

तिसरी गोष्ट आचेची. जून पक्ष्याच्या मांसात जोडणाऱ्या चिवट तंतूंचं प्रमाण जास्त असतं. ते विरघळायला वेळ लागतो, नुसती मोठी आच उपयोगाची नाही. मोठ्या आचेवर भराभर शिट्ट्या काढल्या की स्नायू आवळतात, पाणी सोडतात, आणि तंतू मात्र तसेच राहतात. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, मग आच बारीक करून कोवळ्या पक्ष्याला १०-१२ मिनिटं, जूनला २५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. चुलीवर पातेल्यात करणार असाल तर झाकण ठेवून मंद उकळीवर दीड ते दोन तास धरा. मांडीचं मांस हाडापासून सुटायला लागलं की झालं. मांस शिजलेलं हे आळणी पाणी फेकायचं नाही, रश्शाचा जीव त्यातच आहे.

पपईचं म्हणाल तर तिच्यातला पाचक रस गरम होत जाताना जास्त जोरानं काम करतो आणि तो पृष्ठभागापलीकडे फारसा जात नाही. म्हणून वरचं पीठ होतं आणि आतलं तसंच राहतं. लावायचीच तर किलोला एक मोठा चमचा वाटण, तेही तासाभरापुरतं. वर सांगितलेलं सगळं केलंत तर पपईची गरजच पडणार नाही.

रश्शावर लाल कट येत नाही, रंग विटकरी होतो.
— वाचक, चिकोडी

मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. पाणी घातल्यावर तिखट टाकलं तर कट कुठून येणार? सव्वा किलो कोंबड्याला १०-१२ ब्याडगी मिरच्या रंगासाठी आणि ४-५ संकेश्वरी तिखटासाठी. दोन्ही मिरच्या गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून तीन भाजलेले कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, १५ लसणाच्या पाकळ्या आणि दोन बोटं आल्याबरोबर गुळगुळीत वाटा. अर्धी वाटी तेलात हे वाटण मंद आचेवर, तेल कडेनं सुटेपर्यंत परता. त्याला १२ ते १५ मिनिटं लागतात आणि घाई इथंच होते. मिरची करपली की रंग विटकरी होतो, तो परत लाल होत नाही. वाटण कोरडं पडलं तर आळणी पाण्याचा एकेक चमचा शिंपडा. मग मांस घालून पाच मिनिटं हलवा आणि आळणी पाणी गरम असतानाच ओता. गार पाण्यानं कट बसतो. तयार कांदा-लसूण चटणी घालणार असाल तर मीठ आधी चाखा, तिच्यात भरपूर असतं.

नाताळला ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, बदक भाजायचं आहे. साफ केलेलं, दोन किलोचं. मागच्या खेपेला कातडी चामड्यासारखी राहिली आणि ट्रेमध्ये तेलाचं तळं झालं. रेशाद मसाला बाहेरून चोपडला होता, तोही करपला.
— वाचक, खानापूर

तेलाचं तळं झालं हे चांगलंच झालं, ते व्हायलाच हवं. बदकाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तो वितळून बाहेर पडला नाही तर कातडी कुरकुरीत होणार नाही. फक्त बदक त्या तळ्यात बसता कामा नये. ट्रेवर जाळी ठेवा आणि जाळीवर बदक.

आदल्या दिवशी शेपटीकडची आणि मानेजवळची सुटी चरबी हातानं ओढून काढा. दाभणानं किंवा जाड सुईनं मांडी आणि छातीची कातडी तिरकी टोचा, बोटभर अंतरावर एक भोक. सुई मांसात गेली तर चरबीऐवजी रस गळेल. मग बदक सिंकमध्ये जाळीवर ठेवून त्यावर दोन लिटर उकळतं पाणी सावकाश ओता. कातडी ताणली जाते आणि भोकं उघडतात. फडक्यानं टिपून आतबाहेर सहा चहाचे चमचे मीठ चोळा आणि न झाकता १२ ते २४ तास फ्रिजमध्ये ठेवा. कातडी कागदासारखी कोरडी वाटली पाहिजे. ओली कातडी आधी वाफाळते, भाजली जात नाही. तुमच्या चामड्याचं कारण बहुधा हेच.

रेशादमध्ये मिरची, व्हिनेगर आणि साखर असते. बाहेरून लावला की कातडी ओली होते आणि साखर करपते. तो पोटात भरा, तीन-चार मोठे चमचे, सोबत एक अर्धा कापलेला कांदा. आणखी मसाला हवा असेल तर वेगळा परतून शेवटी ट्रेमधल्या रसात मिसळा.

ओटीजी १६० अंशांवर १५ मिनिटं तापवा. छाती खाली करून एक तास, मग उलटून आणखी एक तास भाजा. दर ४० मिनिटांनी ट्रेमधली चरबी वाटीत काढा, नाहीतर ती धुरते आणि लहान ओटीजीत हीटरजवळ पेटूही शकते. शेवटची १५-२० मिनिटं आच २१० अंश. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर किमान ७४ अंश दाखवायलाच हवा, पण बदकाची मांडी ८५ च्या आसपास मऊ होते. बाहेर काढल्यावर २० मिनिटं हात लावू नका. लगेच कापलं तर सगळा रस पाटावर.

दोन किलोचं बदक चार जणांना पुरतं, सहाला नाही. हाडं मोठी असतात आणि चरबीत वजन जातं. ओटीजी नसेल तर तुकडे करून गार कढईत कातडी खाली ठेवा, मंद आचेवर अर्धा तास चरबी सुटू द्या आणि मग त्याच चरबीत मसाला परता. तापलेल्या कढईत टाकलं तर कातडी वरून घट्ट होते आणि चरबी आतच कोंडते.

घरची बदकं सोलताना लव निघत नाही, आणि शिजल्यावर उग्र वास राहतो.
— वाचक, हुक्केरी

बदकाच्या पिसांना तेलाचा लेप असतो, त्यामुळे पाणी आतपर्यंत पोहोचत नाही. कोंबडीला ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात मिनिटभर पुरतं. बदकाला ६५ ते ७० अंश आणि दोन मिनिटं लागतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका आणि काठीनं पिसं उलटी घासत बुडवा. उकळत्या पाण्यात मात्र बुडवू नका, कातडी शिजून फाटते. उरलेली लव आचेवरून झटकन फिरवून जाळा, खुंट चिमट्यानं काढा आणि स्वच्छ पाण्यानं नीट धुवा. सिंक आणि ओटा नंतर साबणानं घासा, कारण कच्च्या पक्ष्यावरून उडालेलं पाणी जंतू पसरवतं.

वास येतो तो शेपटीच्या वरच्या बाजूला असलेल्या तेलाच्या गाठीचा. पिवळसर दोन कण्या दिसतात. त्या बोटभर रुंद तुकड्यासह कापून टाका. अर्धी गाठ राहिली तरी अख्ख्या रश्शाला वास लागतो.

तळ्यावरच्या रानबदकाच्या रश्शाची आठवण घरची वडीलधारी माणसं काढतात. तशी चव आता कशी मिळेल?
— वाचक, बेळगाव

रानबदक मिळवायचं नाही, हे आधी स्पष्ट करू. हिवाळ्यात हिडकल जलाशयाच्या आणि गावतळ्यांच्या पाण्यावर दिसणारी हळदी-कुंकू, अडई, थापट्या, चक्रवाक ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. शिकार, खरेदी-विक्री आणि मांस जवळ बाळगणं, तिन्ही गुन्हे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी दारात आणून दिलं तरी घेऊ नका.

चवीचं कारण मात्र सांगता येतं. दूरवर उडणाऱ्या पक्ष्याचं मांस गडद लाल असतं, चरबी कमी आणि धागा घट्ट. खाण्याप्रमाणे वासही बदलतो : धान्यावर पोसलेला गोड लागतो, चिखलातले किडे-शिंपले खाणारा उग्र. याच्या जवळ जायचं असेल तर पांढरं पेकिन जातीचं बदक नको, ते फार चरबीचं. अंड्यांसाठी पाळतात ते खाकी कॅम्बेल घ्या. अंगानं हलकं, मांस कोरडं. ते भाजू नका, वरच्या जवारी कोंबड्यासारखं मंद आचेवर रश्शात शिजवा आणि मसाल्यात दोन चमचे जास्त तेल धरा, कारण स्वतःची चरबी ते फारशी देत नाही.

कलेजी-पेटा एवढा कडू झाला की फेकावा लागला.
— वाचक, अथणी

पित्ताची पिशवी फुटली. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी ओढायची नसते, आजूबाजूच्या कलेजीच्या कपच्यासह कापायची. हिरवा डाग पडला तर तेवढा भाग काढून टाका, धुऊन कडवटपणा पुरता जात नाही. पेट्याचं आतलं पिवळं जाड अस्तर सोलायलाही विसरू नका.

पूर्ण शिजलेल्या बॉयलरच्या हाडाजवळ लाल दिसतं. कच्चं समजायचं का?
— वाचक, गोकाक

नाही. बॉयलर सहा-सात आठवड्यांच्या आतच कापला जातो, त्याची हाडं सच्छिद्र असतात. मज्जेतला रंग बाहेर झिरपतो, गोठवलेल्या कोंबडीत तर जास्तच. रंगावर जाऊ नका, ७४ अंश बघा. गोठवलेला पक्षी मात्र फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २४ तास सुटू द्या. ओट्यावर ठेवला तर बाहेरचा भाग तापतो आणि मध्यभाग बर्फच राहतो.

बदकाची निघालेली चरबी किती दिवस टिकते?
— वाचक, बेळगाव

कोमट असताना फडक्यातून गाळा. तळाशी बसलेला रस आणि मसाल्याचे कण आत राहिले तर ती लवकर खवट होते. कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, महिनाभर चांगली राहते. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तिच्यात मंद आचेवर, एकदाच उलटून, दोन्ही बाजूंनी सोनेरी करा. मीठ उतरवल्यावर घाला.