खरं-खोटं करत बसू नकोस

चिरंजीवास मावशीचे अनेक आशीर्वाद.

आई रोज संध्याकाळी पिशवी भरून "सिन्नरला आईकडे जायचंय, गाडी चुकेल" म्हणत दाराशी उभी राहते, तेव्हा आजी कधीच गेली हे तिला सांगायचं की नाही, असं तू विचारलंस. नको सांगूस. तू सांगतोस तेव्हा तिला ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं. ती रडते. थोड्या वेळाने कशासाठी रडत होती ते विसरते, पण आत बसलेली धास्ती तशीच राहते, आणि त्या धास्तीपोटी ती पुन्हा पिशवी उचलते.

नवी आठवण जिथे साठते तो मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, आईच्या या अल्झायमरच्या आजारात अगदी सुरुवातीलाच बिघडतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि सिन्नरचं माहेर मात्र लख्ख दिसतं. तिच्या हिशेबाने आजी आहे, घर आहे, गाडीही आहे. तिच्याशी वाद घालून तू जिंकलास तरी त्यात कुणाचंच भलं नाही. त्यापेक्षा विचार, "आजी भाकरीबरोबर काय करायची गं?" ती बोलायला लागेल. बोलता बोलता चहा दे. ती सिन्नर मागते तेव्हा तिला बहुतेक वेळा आधार हवा असतो, आणि तो पंचवटीतल्या त्याच खोलीत देता येतो. एक कर, दिवस मावळायच्या आधीच घरातले सगळे दिवे लाव. या आजारात तिन्हीसांजेला घालमेल वाढते. अंधारलेले कोपरे आणि सावल्या त्यात भर घालतात.

पाटल्या चोरीला गेल्याचंही तसंच. कामवालीने घेतल्या म्हणते, उद्या तुझंही नाव घेईल. "कुणी घेतल्या नाहीत" म्हणू नकोस आणि "तूच कुठे तरी ठेवल्यास" तर मुळीच नको. "चल, दोघं मिळून शोधू" म्हण आणि खरंच शोध. उशीच्या अभ्र्यात, डाळीच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात बघ. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये टाक आणि हातात एक ग्रॅमच्या राहू देत. त्या बाईंना बाजूला घेऊन सगळं समजावून सांग. चोरीचा आळ ऐकून चांगली माणसं काम सोडून जातात, आणि त्यांच्यावाचून तुझं चालणार नाही.

अंघोळीवरून तुमच्या घरी जे रामायण होतं, त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण उभा जन्म नर्सिंगमध्ये हे जवळून पाहिलंय. अंघोळ म्हणजे तिच्या दृष्टीने काय, तर कुणीतरी येतं, अंगावरचं काढतं, गारठा लागतो आणि डोक्यावर पाणी कोसळतं. शॉवर तर बंदच कर. सकाळी आधी तिच्या तळहातांना कोमट खोबरेल चोळ. अंघोळीचं नावच काढू नकोस. बादलीत पाणी काढ, तिचा हात त्यात बुडवून "गरम झालं का बघ गं" म्हण. खांद्यावरून मोठा पंचा राहू दे, त्याच्या आतूनच साबण लागतो. आणि पितळी तांब्या तिच्याच हातात दे. पहिला तांब्या तिने स्वतः पायावर ओतला की पुढचं निम्मं काम झालं. एखाद्या दिवशी नाहीच म्हणाली तर ओल्या पंच्याने अंग पुसून काढ, काही बिघडत नाही. मुलाच्या हातून हे करून घ्यायला तिला संकोच वाटतो आणि तुलाही वाटतो. म्हणून सकाळच्या दोन तासांसाठी तरी नर्सिंग ब्युरोतून बाई लाव. पण तूही शिकून ठेव, बाई सुट्टी घेतातच.

जेवणाचं थोडक्यात सांगते. पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढलास तर तिला तो वेगळा दिसतच नाही, आणि तुम्हाला वाटतं ती जेवत नाही. हिरवी किंवा निळी ताटली आण. एका वेळी एकच पदार्थ पुढे ठेव. चिवडा, कोरडे पोहे, शेंगदाणे आता बंद. घास गिळताना खोकला येऊ लागला तर लगेच डॉक्टरांना सांग, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

डॉक्टरांनी सुरू केलेलं डोनेपेझिल आजार बरा करत नाही. काही जणांची गाडी त्याने काही काळ जरा बरी चालते. जुलाब, भूक मंदावणं, नाडी संथ होणं, रात्री भलती स्वप्नं पडणं असं झालं तर कळव, पण स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. सर्दीची झोप आणणारी गोळी दुकानातून आणून देऊ नकोस, अशा औषधांनी गोंधळ वाढतो. आणि हे पक्कं लक्षात ठेव: आजार महिन्यांच्या चालीने सरकतो. दोन दिवसांत एकदम वेड्यासारखं करायला लागली, बरळायला लागली किंवा गुंगीत राहिली, तर तो अल्झायमर वाढला असं समजू नकोस. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवं औषध, बहुतेकदा यापैकी काहीतरी असतं. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी दाखव.

"वय झालं की होतंच असं" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं ऐकू नकोस. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी ज्या बाईंचा आजार जगापुढे मांडला, त्या इस्पितळात दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. हा आजार आहे, म्हातारपण नव्हे. आणि तुझ्या मनातला न विचारलेला प्रश्नही मला ठाऊक आहे. उतारवयात सुरू होणारा अल्झायमर आईला झाला म्हणून मुलाला होतोच असं नाही. साखर आणि बीपी सांभाळ, चाल, झोप घे.

आता गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाण्याचं. जन्मभर पहाटे रामकुंडावर जाणारी बाई, तिचे पाय आपसूक तिकडे वळणारच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या दिसता दिसता बुडतात, ते तुला मी सांगायला नको. दाराला वरच्या बाजूला, नजरेच्या टप्प्याबाहेर दुसरी कडी बसवून घे. मात्र तिला एकटीला घरात कोंडून कधीही जाऊ नकोस, गॅस आहे, आग आहे. हातात स्टीलचं कडं घाल आणि त्यावर तुझा नंबर कोरून घे. कोपऱ्यावरचा रिक्षावाला, फुलवाली, किराणावाला यांना स्पष्ट सांगून ठेव. आजार लपवलास तर तिला ओळखून घरी आणणारं कुणी उरणार नाही. दिसेनाशी झाली तर तासन् तास स्वतः शोधत फिरू नकोस, लगेच ११२ लाव आणि मोबाइलमधला ताजा फोटो दे. आणि दर पहाटे तूच तिचा हात धरून गंगेवर नेऊन आण. जाऊन आली की दिवसभर तिची तगमग कमी होते, मी पाहिलंय.

२०२७ च्या सिंहस्थाचा विचार आतापासून कर. पर्वणीच्या दिवसांत पंचवटीत पाय ठेवायला जागा नसते आणि ती गर्दी तिला झेपणार नाही. तुझ्या ताईकडे पुण्याला न्यायचं ठरवलंत तर एकदम ऐन वेळी नको. आधी दोन-चारदा तिथे राहून येऊ दे, तिची गोधडी आणि देवाचा फोटो बरोबर असू दे. नवी जागा या माणसांना फार घाबरवते.

पैशाची कामं मात्र या महिन्यातच उरकून टाक. बँकेचं खातं संयुक्त कर, खात्यावरची नॉमिनीची नोंद तपास, मृत्युपत्र करायचं असेल तर तिला समजतंय तोवरच, आणि ती भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडून. कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होऊ नकोस. माणसाची समज गेली की आपल्याकडे ते कायद्याने संपतं, आणि मग पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. तिच्या शिक्षिकेच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, तोही तारखेआधी.

शिक्षिका म्हटल्यावर आठवलं. मागे आले होते तेव्हा मी सहज "एकोणतीस एके" म्हटलं आणि तिने एकोणतीसचा पाढा एका दमात म्हणून दाखवला. मी कोण हे तिला त्या दिवशी आठवत नव्हतं. रद्दीवाल्याकडून मुलांच्या जुन्या वह्या आण, लाल पेन दे आणि दुपारी तपासायला बसव. काय तपासते ते बघायला जाऊ नकोस आणि तपासून झाल्यावर "थँक्यू बाई" म्हण. आपण कुणाच्या तरी कामी येतो, हा मान तिला लागतो. तो अजून पूर्वीइतकाच लागतो.

तुझ्याविषयी. अंबडची नोकरी सोडू नकोस. नोकरी गेली की पैसाही जातो आणि दिवसातले तेवढे तास मोकळा श्वास घेण्याची जागाही जाते. ताई फोनवरून सल्ले देते ना? तिला भांडण न करता कागदावर मांडून दे: महिन्यातले इतके दिवस तू इथे, नाहीतर ब्युरोच्या बाईंचा निम्मा पगार. चार महिन्यांनी काकुळतीला येऊन मागण्यापेक्षा आताच माग. तू तिच्यावर ओरडतोस याची तुला लाज वाटते. राग आला की तिला सुरक्षित बसव, दार ओढून घे आणि गच्चीवर जा. मनावर फार ताण आला तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर, तिथे मराठीतून बोलता येतं. पुढे कधी घरी झेपेनासं झालं आणि तिला चांगल्या केंद्रात ठेवावं लागलं, तर गल्लीतल्या कुणाचंही बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

रविवारी दुपारी दोनला मी येते, सहापर्यंत आईपाशी बसेन. तू घरी थांबायचं नाहीस. निघण्याआधी तिचे रक्ताचे रिपोर्ट टेबलावर काढून ठेव. बी-१२ आणि थायरॉइड केलंय का ते मला बघायचंय, कारण त्यातली कमतरता भरून निघाली तर विसराळूपणाचा काही भाग कमी होऊ शकतो. केलं नसेल तर सोमवारी सकाळीच रक्त देऊन या.

तुझी,
मावशी