हेडफोनच्या अॅम्पसाठी राखीव पैशाला हात लावू का?

प्रश्न : वय ३०, नोकरी करतो, एकटाच राहतो. पाच महिन्यांपूर्वी हौसेने ३०० ओहमचे ओपन-बॅक हेडफोन घेतले. किंमत साधारण अर्धा पगार, नऊ हप्ते, त्यातले चार बाकी. फोनला १ व्होल्टचा छोटा डोंगल (फोनला हेडफोन जोडायचं यंत्र) लावून ऐकतो. रात्री घरी आवाज निम्म्यावर ठेवला तरी पुरतो, पण प्रवासात (जाऊन-येऊन तीन तास) ९० टक्क्यांवर न्यावा लागतो, तरी आवाजात जीव वाटत नाही. सगळे म्हणतात, या हेडफोनना अॅम्प, म्हणजे आवाजाला जास्त ताकद देणारं यंत्र, हवाच. मनात भरलेला पोर्टेबल अॅम्प पगाराच्या २२ टक्के किमतीचा आहे. पगाराचा पाचवा हिस्सा गुंतवतो, हप्ता आणि खर्च जाऊन ८ टक्के उरतात. दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बँकेत नुसती पडून आहे. त्यातून अॅम्प घेऊ का?

उत्तर : नको. पण तुमची अपेक्षा असेल त्या कारणासाठी नको म्हणत नाहीये.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. घरी निम्म्यावर पुरतो, प्रवासात ९० टक्क्यांवरही पुरत नाही. फोन तोच, डोंगल तोच, हेडफोन तेच. मग कमी काय पडतंय? ताकद कमी पडत असती तर ती घरीही पडली असती. ओपन-बॅक हेडफोनची पाठ जाळीची असते, बाहेरचा गोंगाट सरळ आत येतो (आणि तुमचं गाणं शेजारच्याला फुकट ऐकू जातं, तो बिचारा बोलत नसेल इतकंच). त्या गोंगाटात गाण्यातले बारीक आवाज बुडतात आणि तुम्हाला वाटतं, जीव गेला. अॅम्प गोंगाट कमी करत नाही. तो फक्त गाणं गोंगाटाच्या वर ढकलेल.

त्याची किंमत कान मोजतात. कामाच्या जागी होणाऱ्या आवाजासाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबल, दिवसाला आठ तास, अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. तुमचा प्रवास तीन तासांचा आहे. मी पैशांची सल्लागार आहे, कानांची नाही, पण जे नुकसान नंतर कितीही पैसे ओतून भरून निघत नाही, ते माझ्या वहीत सगळ्यात वर लिहिलेलं असतं.

आता त्या ‘सगळे म्हणतात’कडे येऊ. ३०० ओहम हा हेडफोन विजेला किती विरोध करतो त्याचा आकडा. तो भीतीदायक दिसतो, पण एकटा काहीच सांगत नाही. जोडीला संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीत किती मोठा आवाज निघतो, ते पाहावं लागतं. तुमच्या हेडफोनच्या माहितीपत्रकात १ मिलिवॉटला ९७ डेसिबल अशासारखा आकडा असेल, कारण या जातीच्या हेडफोनना तो साधारण तेवढाच असतो. १ व्होल्टचा वर्ग भागिले ३००, म्हणजे डोंगल तुम्हाला ३.३ मिलिवॉट देतो. हिशेब केला तर कमाल आवाज १०२ डेसिबलच्या आसपास जातो. वाद्यवृंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी आवाज शिखराच्या १५-२० डेसिबल खाली असतो असं धरलं, तरी सरासरी ८२ ते ८७ पर्यंत नेता येते. शांत खोलीत हे भरपूर आहे, म्हणून तर तुम्ही निम्म्यावर थांबता.

आणखी एक गंमत. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. त्यामुळे १०० मिलिवॉटचा अॅम्प आणि २०० चा अॅम्प यांच्या किमतीत जेवढा फरक असतो, तेवढा ऐकण्यात नसतो. शिवाय दोन यंत्रांमधलं किंचित मोठं वाजणारं आपल्याला चांगलंही वाटतं. कुणा मित्राचा अॅम्प मिळाला तर दोन्हींचा आवाज नीट जुळवून घ्या, आणि कोणतं चालू आहे हे तुम्हाला न सांगता त्याला बदलायला लावा. फुकटची परीक्षा आहे. अनेकांचा अॅम्प तिथेच रद्द होतो.

अॅम्प खरोखर लागतो अशा जागा आहेत, नाही असं नाही. काही प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनची संवेदनशीलता इतकी कमी असते की डोंगल त्यांच्यापुढे दमतो. किंवा तुम्ही इक्वलायझर (खर्ज, वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) वापरत असाल : खर्ज ६ डेसिबल वाढवायचा तर आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी आधी तेवढीच खाली आणावी लागते, आणि मग राखीव ताकद कामी येते. पण तो घरचा प्रश्न झाला, आणि घरच्या प्रश्नाला बॅटरीवालं यंत्र कशाला? लिथियम बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येऊ लागते, आणि पुष्कळ छोट्या अॅम्पमध्ये ती सहज बदलता येत नाही. हेडफोनचं तसं नाही, गाद्या बदलत राहिलं तर ते वर्षानुवर्षं चालतात. माझ्याच खणात फुगलेल्या बॅटरीचं एक यंत्र होतं, घेतलं तेव्हा तेही ‘अत्यावश्यक’ होतं.

राहिला पैसा. ‘नुसती पडून आहे’ हा शब्दप्रयोग मला खटकला. ती रक्कम पडून राहण्यासाठीच आहे. तिच्यातून अॅम्प घेतलात तर सहावा हिस्सा जाईल, म्हणजे नोकरी गेली तर हाताशी असलेल्या साठ दिवसांचे पन्नास होतील. साठ हेच मुळात कमी आहेत. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला मी तीन महिने तरी सांगते, सहा असले तर उत्तम.

थोडं कडू बोलते. घोडा हप्त्याने घेतलाय, अजून फिटलेला नाही, आणि आता त्याच्यासाठी खोगीर. पहिली खरेदी बरोबर होती हे स्वतःला पटवण्यासाठी दुसरी खरेदी करायचा मोह फार जुना आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत तो घरापासून घड्याळापर्यंत सगळीकडे दिसतो. तुमचे हेडफोन चांगलेच आहेत. फक्त ते घरचे आहेत, त्यांना घरी ठेवा.

प्रवासाला तुमचे जुने, कानात बसणारे इअरफोन काढा. फोमची टोकं लावलीत तर गोंगाट बराच अडतो. ३२ ओहम आणि १०० डेसिबलचे असतील तर तोच डोंगल त्यांना ११५ डेसिबलपर्यंत नेऊ शकतो, म्हणून आवाज अगदी खालून सुरू करा. अॅम्पचा प्रश्नच येत नाही.

पुढचे चार महिने उरणारे ८ टक्के राखीव रकमेत टाका. अर्ध्या महिन्याच्या खर्चाएवढी भर पडेल. मग हप्ते संपतील आणि दरमहा साडेतेरा टक्के मोकळे होतील. त्यानंतर दोन महिन्यांत अॅम्पचे पैसे रोख जमतात, गुंतवणुकीला धक्का न लावता. हां, तेव्हा आधी राखीव रक्कम तीन महिन्यांवर न्या असं मी म्हणेन, तुम्ही कदाचित ऐकणार नाही. हौसेला पैसे असावेत याला माझी हरकत नाही. तेव्हा पुन्हा पत्र लिहिलंत तर मी एकच विचारेन : घरी आवाज कितीवर असतो?