चिंचेने घासलेला कॉन्स्टंटाइन

मागच्या अंकात ग्रीक-रोमन नाण्यांवर दोन पानं लिहिली आणि व्हॉट्सॅप नुसता वाजतोय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातले चार प्रश्न घेतो.

काका, माझा भाऊ शिपवर आहे. तुर्कस्तानात कुशादासीला बोट लागली तेव्हा एफिसस या प्राचीन ग्रीक शहराच्या गेटबाहेर एकाने हळूच खिशातून पाच नाणी काढली, शेत नांगरताना सापडली म्हणाला, वीस युरोत पाचही दिली. एकावर घुबड आहे. खरी असतील काय? – एक बहीण, मडगाव

नाहीत गं. घुबडवालं तर नाहीच नाही. अथेन्सचं ते नाणं म्हणजे टेट्राड्राख्म (चार द्राख्मांचं नाणं), चांदीचं, वजन साधारण १७.२ ग्रॅम, आणि खऱ्याला शेकडो युरो मोजावे लागतात. तो शेतकरी रोज सकाळी त्याच गेटवर उभा असतो आणि रोज त्याच शेतात त्याला पाच नाणी सापडतात! तरी खात्री करायची असेल तर सोनाराकडे वजन करून घे, मग भिंग घेऊन कडा बघ. त्या काळी तापवलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा मारायचे, म्हणून खरं नाणं नीट गोल नसतं, कडेला चिरा असतात, चित्र एका बाजूला सरकलेलं असतं. साच्यात ओतलेल्या नकलेत कडेने एक बारीक जोडरेष फिरते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि घुबडाचे डोळे साबणाच्या वडीवर कोरल्यासारखे बुळबुळीत दिसतात. मॅग्नेट लावून बघ, चिकटलं तर विषय संपला, पण नाही चिकटलं म्हणून खरं असं समजू नको. हल्ली ठसा मारून केलेल्या नकलाही येतात, त्यात माझ्यासारखे म्हातारेसुद्धा फसतात (एकदा फसलोय, किती पैसे गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही).

आणि समज खरं निघालं, तर जास्त भानगड. तुर्कस्तानात जमिनीतून निघालेली जुनी वस्तू सरकारची, बाहेर न्यायला बंदी. बॅगेत सापडलं तर नोकरी जाईलच, वर कोर्टकचेरी. भावाला सांग, पुढच्या वेळी त्या पैशाची कॉफी पी.

नमस्कार काका. लायसनवाल्या डीलरकडून बिलासकट घेतलेलं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं ब्राँझचं नाणं होतं माझ्याकडे. चवथीच्या आधी आईने देवाची भांडी घासताना तेपण चिंच आणि मीठ लावून घासलं. मस्त चकाकत होतं पण आता दोन महिन्यांनी त्यावर फिकी हिरवी पावडर येतेय, पुसली की परत येते. काय करू? – एक वाचक, फोंडा

आईला ओरडू नका, तिच्या दृष्टीने तिने तुमच्या सम्राटाला देवाच्या समईशेजारी बसवला, अजून काय मान द्यायचा! पण झालंय ते वाईट झालंय. तुम्ही सांगताय त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. मीठ म्हणजे क्लोराइड. ते तांब्याशी जुळून नाण्याच्या आत बसतं आणि हवेतला ओलावा लागला की त्याची ती हिरवी भुकटी होते, सोबत थोडं आम्लही सुटतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून परत तेच. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं ना, तसं हे नाणं स्वतःच कळकत राहतं, थांबतच नाही. आपल्याकडे तर मिरगापासून चवथीपर्यंत कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते, त्यात समुद्राचा खारा वारा, म्हणजे या रोगाला गोवा हे माहेरच.

आधी रोग आहे की पॅटिना ते ओळखा. पॅटिना म्हणजे शेकडो वर्षांत चढलेला कडक, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर, तो नाण्याचा अंगरखा, त्याला हात लावायचा नाही. रोगाची हिरवी भुकटी फिकट असते, पोपटी-पांढरट, टूथपिकने टोकरली की भुरभुर पडते आणि खाली खड्डा निघतो. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा. भुकटी लाकडी टूथपिकने काढा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा (बॅटरीत घालतात ते, नळाचं चालणार नाही कारण त्यात क्लोरीन), पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, आणि हे एक-दोन आठवड्यांचं काम नाही, महिना दीड महिना धरून चाला. जास्तच असेल तर धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा सारखे घेऊन त्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ द्रावण करतात, त्यात क्लोराइड बाहेर यायला मदत होते, पण कधी कधी नाण्याचा रंग बदलतो हे धरून ठेवा. शेवटी पूर्ण सुकवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरता येतं. आणि ते मऊ, वास येणारे प्लास्टिकचे पाऊच टाकून द्या, ते पीव्हीसी असतं, त्यातून चिकट हिरवट घाण सुटते आणि नाण्याला लागते. मायलरचे (पॉलिएस्टर प्लास्टिकचे) घ्या.

चकाकी गेली ती गेली. घासलेल्या नाण्याची किंमतही उतरते, पण तुम्ही विकायला घेतलं नव्हतं, बिल जपून ठेवा, घासल्याची तारीख त्याच्या मागे लिहून ठेवा, तोही आता त्या नाण्याचा इतिहास.

काका, मी म्हापशाला बी.ए. करतो. खिशात तीन हजार. यात ग्रीक किंवा रोमन काही मिळेल की स्वप्नच बघू? – एक विद्यार्थी

मिळेल रे. सोनं-चांदी विसर, चौथ्या शतकातली छोटी ब्राँझ बघ. कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या पोरांनी ती इतकी पाडली की परदेशात साधी नाणी दहा-वीस युरोत मिळतात. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन शिपाई आणि मध्ये झेंडा, भोवती ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’, म्हणजे सैन्याचा गौरव. दुसऱ्या प्रकारात लांडगीण दोन पोरांना पाजतेय. खाली बारीक अक्षरं असतात ती टांकसाळीची, अँटिऑक, सिझिकस, ट्रियर वगैरे. ‘डीएन’ दिसलं की दोमिनुस नोस्तर, आमचा स्वामी. पाच-सहा नाणी वाचलीस की हात बसतो. एकच नियम, एकाच दिवशी सगळे पैसे घालवू नको.

पण तुला खरं तर वेगळंच सुचवतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. शक क्षत्रप राजा नहपानाची नाणी, एका बाजूला त्याचं डोकं आणि भोवती चक्क ग्रीक अक्षरं, पण भाषा प्राकृत! मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. त्यातल्या दोन तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर आपला ठसा परत मारला, राजाच्या नाकावर डोंगराची खूण. म्हणजे ग्रीक अक्षरं शोधायला तुला अथेन्सला जायची गरजच नाही. पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात तर लिहिलंय की भरूचच्या बाजारात ग्रीक राजा मिनँडरचे जुने द्राख्म (चांदीची नाणी) तेव्हाही चालत होते. हा मिनँडर म्हणजे आपल्या मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातला मिलिंद. क्षत्रपांची साधी चांदीची नाणी तुझ्या बजेटात बसू शकतात, आणि अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संस्थेत म्युझियम आहे, नाशिकला गेलास तर बघून ये.

एक सांभाळ. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, विकणाऱ्याकडे लायसन हवं आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. उद्या पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लिस्बनला निघालास (अर्धा गोवा निघतोच) तर कलेक्शन इथेच घरी ठेवून जावं लागेल.

कुळागरात पोफळीला आळं करताना जाड, वेडंवाकडं तांब्याचं नाणं मिळालं. फोटो पाठवलाय. गावात एकजण म्हणतो रोमन आहे, चुंबकासारखं तांदूळ ओढतं, लाखात जाईल. – एक वाचक, डिचोली

तांदूळ ओढणारं नाणं जगात नाही, ती फसवणूक आहे, त्या माणसाला चहासुद्धा पाजू नका. फोटोवरून मला ते रोमन वाटत नाही. पट्ट्यापट्ट्यांचा गोल दिसतोय तो पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या चिन्हासारखा आहे, आणि आल्बुकर्कने १५१० मध्येच गोव्यात टांकसाळ सुरू केली होती. पण फोटोवर मी शिक्का मारणार नाही. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायचा असतो, १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांवरच्या ठेव्यालाही लागू. पणजीच्या पुराणवस्तू खात्यात दाखवा. आणि हो, धुऊ नका, मातीसकट कागदात गुंडाळा, कितव्या पोफळीखाली आणि किती वीत खोल ते आजच लिहून ठेवा, आणि घरात चिंच कुठे ठेवलीय तेही बघून घ्या.