सोलापुरात एवढं ऊन, मग किडनीच्या मुलांना डी व्हिटॅमिन कशाला?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा सात वर्षांचा, किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात. पुण्याच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक डी व्हिटॅमिनचं सॅशे आणि शिवाय कॅल्सिट्रिऑलची छोटी कॅप्सूल लिहून दिलीय. सासूबाई म्हणतात, सोलापुरात उन्हाला काय तोटा, पोराला सकाळी कोवळ्या उन्हात बसव. आणि मेडिकलवाला म्हणतो, दोन्ही एकच, एक बंद केलं तरी चालतंय. माझी मुलगी जन्मापासून किडनीची पेशंट आहे, आता कॉलेजात जाते. त्यामुळे या गोळ्या-पुड्यांशी आमचा रोजचाच संबंध. आधी महत्त्वाचं सांगतो: ही दोन औषधं एक नाहीत आणि त्यातलं एकही स्वतःहून बंद करू नका.

उन्हामुळे कातडीत तयार होणारं किंवा सॅशेतून मिळणारं डी व्हिटॅमिन म्हणजे कणगीत भरलेली ज्वारी. यकृत तिला साफ करून देतं, पण तिचं पीठ करणारी गिरणी किडनीत आहे. ते पीठ म्हणजेच कॅल्सिट्रिऑल, आणि आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायला शरीराला तेच लागतं. किडनी कमजोर झाली की गिरणी मंदावते. त्यात फॉस्फरस लघवीवाटे पुरेसं बाहेर जात नाही. ते बाहेर काढण्यासाठी हाडं एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन सोडतात, आणि हेच हार्मोन उरल्यासुरल्या गिरणीलाही दाबतं. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन वाढवतात आणि ते कॅल्शियम हाडांतून काढलं जातं. मोठ्या माणसाचं हाड वाढून झालेलं असतं, मुलाचं वाढत असतं. म्हणून मुलांमध्ये उंची अडते, गुडघे आत वळतात, पाय दुखतात.

गिरणीच मंद आहे तर कणगी भरून उपयोग काय, असं तुम्हाला वाटेल. तिसऱ्या टप्प्यात गिरणी मंद असते, बंद नसते. धान्यच नसेल तर तीही रिकामी फिरणार. २०१२ साली मुलांवरच्या एका अभ्यासात साधं डी व्हिटॅमिन दिल्यावर पीटीएच वाढायला उशीर लागतो असं दिसलं. युरोपातल्या मुलांच्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही क्रम हाच आहे: आधी साधं डी भरून घ्या, तरीही पीटीएच वाढलेलंच राहिलं तर तयार कॅल्सिट्रिऑल किंवा त्याच्याच जातीचं अल्फाकॅल्सिडॉल द्या. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही दिलंय म्हणजे पीटीएच चढलेलं असणार. फाइलमध्ये आकडा असेलच, बघून घ्या.

आता उन्हाचं. सासूबाईंची माया खरी, पण कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण फार थोडे असतात. ते दुपारच्या आसपासच्या उन्हात असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हाचा फारसा उपयोग नाही, आणि खिडकीच्या काचेतून तर ते किरण आत येतच नाहीत. दुपारी सोलापुरात बाहेर कोण असतं? एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत आपण दारं लावून बसतो, मुलं शाळेत किंवा पंख्याखाली. शिवाय आपली कातडी सावळी, तिला जास्त वेळ लागतो. लघवीतून प्रथिनं जात असतील तर त्यांच्यासोबत डीही वाहून जातं. आणि ज्यांची किडनी जन्मतःच नीट घडलेली नाही किंवा लघवीचा मार्ग अडलेला होता, अशी बरीच मुलं लघवीतून पाणी आणि मीठ जास्त घालवतात. अशा मुलाला दुपारच्या उन्हात बसवलं तर अंगातलं पाणी आटून किडनीलाच दणका बसतो. खेळायला संध्याकाळी जाऊ दे की, पण डीसाठी उन्हावर विसंबू नका.

रिपोर्ट वाचताना एक गोम आहे. तपासणीचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, आपल्याकडे ते नॅनोग्रॅममध्ये येतं आणि मुलांसाठी ३० च्या वर हवं. परदेशी लेखांत ७५ लिहिलेलं दिसेल, ते दुसऱ्या एककात आहे. अडीचने भागलं की आपले ३० येतात. ७५ वाचून घाबरून डोस वाढवणारे पालक मी पाहिलेत. त्याच युरोपातल्या तत्त्वांनुसार ४८ च्या वर गेलं की सॅशे थांबवायचं असतं. म्हणजे मधली जागा अरुंद आहे.

आणि मला खरी काळजी आहे ती जास्त होण्याची. सॅशे ६०,००० युनिटचं असतं. आठवड्याचं आहे हे विसरून घरात कुणी रोज दिलं तर सात दिवसांत ४,२०,००० युनिट पोटात जातात. आम्ही ‘कालनिर्णय’वर रविवारच्या चौकोनात खूण करायचो, औषध देणारा माणूसही एकच. दुसरं, मेडिकलमध्ये ‘हाडांसाठी कॅल्शियम’ म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये कॅल्सिट्रिऑल मिसळलेलं असतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात कॅल्शियम, खाली बारीक अक्षरात ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रिऑल. शेजारणीने सुचवलेली अशी गोळी सुरू केली तर मुलाला दुप्पट डोस जाईल. तिसरं, पाय दुखतात म्हणून कुणी डी व्हिटॅमिनचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. किडनीच्या मुलांना असा एकरकमी मोठा डोस देऊ नये असंच ती तत्त्वं सांगतात.

कॅल्शियम जास्त झालं की उलट्या, बद्धकोष्ठता, पोटदुखी, खूप तहान, सतत लघवी, मूल मलूल पडणं अशी लक्षणं दिसतात. उन्हाळ्यात हे उष्णतेवर ढकललं जातं. असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा, सॅशे आणि कॅप्सूल दोन्हींचं नाव सांगा, आणि कॅल्शियम त्याच दिवशी तपासून घ्या.

खाण्याबद्दल थोडंच. दाणे आणि ज्वारीतलं फॉस्फरस आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. कोल्ड्रिंक आणि पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेलं मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. म्हणून आधी ते बंद करा. भाकरीसोबत चमचाभर शेंगाचटणी चालेल का, हे पोटॅशियमचा रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञच सांगतील. फॉस्फरस बांधणारी गोळी दिली असेल तर ती जेवतानाच द्यायची, उपाशीपोटी तिचा उपयोग नाही.

पुढच्या वेळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाण्याच्या चार-पाच दिवस आधी इथेच रक्त तपासायला द्या: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच, बायकार्बोनेट आणि डी. बायकार्बोनेट विसरू नका, रक्तात आम्ल साचलं तरी हाडं झिजतात. पीटीएचचं सॅम्पल थंड ठेवून पाठवणार का, हे लॅबवाल्याला आधी विचारा, आणि दर वेळी लॅब तीच ठेवा, कारण लॅबगणिक आकडे बदलतात. सॅशे सुरू करून तीन महिने झाले असतील तर डीची पातळी या वेळी बघायलाच हवी. ती ३० च्या वर आली असेल तर डोस उतरवायचा का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.