बीरला पहिल्यांदा जाताना

पॅराग्लायडिंगसाठी हिमाचलातल्या बीरला जातोयस तर ऑक्टोबर गाठ. पावसाळ्यात, साधारण 15 जुलै ते 15 सप्टेंबर, उड्डाणं बंद असतात. झेप घ्यायची बिलिंगवरून, सुमारे 2,400 मीटरवरून, आणि उतरायचं खाली बीरच्या चौगानात. पायलटचा परवाना आधी बघ. हवा बिघडली म्हणून तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नकोस. उलट तोच माणूस भरवशाचा.

एक अख्खा दिवस अंद्रेट्टाला राख. दिल्ली ब्लू पॉटरी या मातीकामाच्या स्टुडिओचे सरदार गुरचरण सिंग याच गावात येऊन राहिले, तिथली मातीची भांडी त्यांच्याच परंपरेतली. घेतलेले कप कपड्यांत गुंडाळ, बसचा घाटरस्ता वाईट आहे! बीरच्या तिबेटी वसाहतीत थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, खा. मठात प्रार्थना चालू असेल तर मोबाइल खिशात.